'डिस्क पुसा' म्हणजे नेमकं काय पुसा?

लिनक्सवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यातला बराचसा भाग दिसण्याबद्दल असतो. उबुंटू बरं की मिंट, पट्टी डावीकडे हवी की खाली, आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर कुठलं पळेल. चर्चा चुकीची नाही, पण त्यातली प्रत्येक गोष्ट नंतर बदलता येते. पट्टी आवडली नाही तर हलवा. मिंट आवडलं नाही तर पुढच्या रविवारी दुसरं बसवा. परीक्षण करणारे लोक इन्स्टॉलरवर मात्र दोन ओळींपलीकडे जात नाहीत. 'इन्स्टॉलेशन सोपं आहे, वीस मिनिटांत होतं', झालं. आज मला फक्त इन्स्टॉलरबद्दल लिहायचंय, आणि त्यातही त्याच्या एकाच पडद्याबद्दल. सिनेमाचं परीक्षण करतात तसं या पडद्याचं करायचंय: तो काय म्हणतो, कोणाला म्हणतो आणि ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं.

आत्ताच का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य मशिन्स एका तारखेला 'जुनी' झाली. विभागातल्या कित्येक टेबलांवर अशी मशिन्स आहेत, घरीही असतील. 'यावर लिनक्स टाकून दे ना' हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी जितक्यांदा ऐकलंय तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं.

संशोधन करणाऱ्यांना लिनक्स लागण्याचं कारण वेगळं आहे. ज्यांनी इथलं आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझं काम रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करण्याचं. एक प्रथिन आणि त्याच्याभोवती हजारो पाण्याचे रेणू घ्यायचे, प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, तो किंचित पुढे सरकवायचा, पुन्हा बल काढायचं, असं लाखो वेळा. यासाठी मी ग्रोमॅक्स वापरते. खरी गणितं मोठ्या क्लस्टरवर चालतात आणि क्लस्टर म्हणजे लिनक्स. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी निघते, त्यातले पाचशेच्या पाचशे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. आपल्या लॅपटॉपवरही तेच असेल तर छोटी चाचणी घरी करून मग मोठं काम रांगेत लावता येतं. म्हणून आमच्याकडे दरवर्षी प्रवेश झाले की नवे विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन फिरताना दिसतात. त्या लॅपटॉपवर त्यांचं एमएस्सीचं सगळं काम असतं, घरच्या लग्नाचे फोटो असतात. बॅकअप बहुतेकांकडे नसतो.

आता पडदा.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की आधी भाषा विचारतात, मग कीबोर्ड, मग वायफाय. तिथपर्यंत तुमच्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नसतं. मशीन बंद करून पेनड्राइव्ह काढून घेतला तर विंडोज काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. मग एक प्रश्न येतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये (त्याचं नाव युबिक्विटी, २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून तो होता, उबुंटू २२.०४ मध्ये तोच आहे आणि लिनक्स मिंट अजून तोच वापरतं) हा प्रश्न साधारण असा असतो: या संगणकावर आत्ता विंडोज आहे, तुम्हाला काय करायचंय? पर्याय तीन. विंडोजच्या सोबत बसवा. डिस्क पुसून टाका आणि उबुंटू बसवा. किंवा काहीतरी वेगळं.

'डिस्क पुसा' मधला 'डिस्क' हा शब्द बघा.

इन्स्टॉलर लिहिणाऱ्याच्या डोक्यात डिस्क म्हणजे कॅबिनेटच्या आत स्क्रूने बसवलेली वस्तू. एक नग. त्याचे मनातल्या मनात पाडलेले तुकडे म्हणजे पार्टिशन. पण समोर बसलेल्या माणसाने ही वस्तू कधी पाहिलेली नाही. त्याने 'धिस पीसी' उघडून पाहिलंय, आणि तिथे विंडोज त्याला काय दाखवतं? 'लोकल डिस्क (सी)'. 'लोकल डिस्क (डी)'. कधी 'लोकल डिस्क (ई)' सुद्धा. विंडोजने वर्षानुवर्षं त्याला शिकवलंय की आपल्या संगणकात दोन किंवा तीन डिस्क आहेत. प्रत्यक्षात एका नगाचे ते तुकडे आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नाही आणि रोजच्या वापरात ते कळायची गरजही पडत नाही.

यात आपल्याकडची एक सवय मिसळते. संगणक जोडून देणारा दुकानदार सी आणि डी पाडून देतो आणि जाता जाता सल्ला देतो: सी मध्ये काही ठेवू नका, विंडोज उडालं तर सी फॉरमॅट करावा लागतो, तुमचं सगळं डी मध्ये ठेवा. सल्ला त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. विंडोज पुन्हा टाकताना सी जातो, डी राहतो. हे लोकांनी एकदा नाही, तीन-चारदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे 'डी सुरक्षित असतो' हा अनुभवातून आलेला निष्कर्ष आहे, अंधश्रद्धा नाही.

अशा माणसाला 'डिस्क पुसा आणि उबुंटू बसवा' हे वाक्य वाचायला द्या. त्याला विंडोज नकोच आहे. विंडोज सी वर आहे. तर डिस्क पुसा म्हणजे सी पुसा. बरोबरच आहे की! तो बिनधास्त पुढे जातो.

पर्यायाखाली इशारा आहे, नाही असं नाही. यामुळे सर्व ऑपरेटिंग सिस्टिम्समधले तुमचे प्रोग्रॅम, कागदपत्रं, फोटो, संगीत आणि इतर फाइल्स जातील, अशा अर्थाचं एक वाक्य लहान अक्षरात येतं. वाक्य खरं आहे. पण 'सर्व ऑपरेटिंग सिस्टिम्समधले' या शब्दांनी घोळ आणखी वाढतो. डी ड्राइव्हवर कुठे ऑपरेटिंग सिस्टिम आहे? ती तर सी वर आहे! म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र चुकीचं असलं तरी इशारा त्या चित्रात नीट बसतो. ज्या इशाऱ्याने चुकीचं चित्र मोडत नाही त्याचा आकार वाढवून, रंग लाल करून काही होत नाही.

इथे मला डोनाल्ड नॉर्मन आठवतात. रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचं त्यांचं पुस्तक १९८८ चं आहे आणि आमच्यासारख्या बाहेरच्यांनाही ते वाचवतं. ते माणसाच्या चुकांचे दोन प्रकार करतात. एक घसरणं: करायचं एक होतं, हात दुसरीकडे गेला. दुसरी खरी चूक: हात बरोबर गेला, पण मुळात जे करायचं ठरवलं तेच चुकीच्या समजुतीवर उभं होतं. 'नक्की का?' असं विचारणारी चौकट पहिल्या प्रकारात थोडीफार कामाला येते. दुसऱ्यात शून्य. ज्याला सी पुसायचाच आहे त्याला 'नक्की पुसू?' विचारलं तर तो 'हो' म्हणणार. नॉर्मन म्हणतात की अशा वेळी माणूस कृतीला होकार देतो, वस्तू कुठली आहे हे तपासत नाही. इन्स्टॉलरचं पाप नेमकं हे आहे: तो कृतीबद्दल दोनदा विचारतो आणि वस्तू एकदाही नीट दाखवत नाही.

याची किंमत काय असते ते सांगते. आमच्या शेजारच्या लॅबमधल्या एका मुलीच्या मशीनवर दुसऱ्या एका उत्साही सीनियरने लिनक्स टाकून दिलं. एक टीबीची साधी फिरती हार्डडिस्क, त्यावर सी आणि डी. डी मध्ये तिचे दोन वर्षांचे स्पेक्ट्रा. 'डी ला हात लागणार नाही' असं तिने विचारून घेतलं, त्याने खात्रीने सांगितलं, आणि 'डिस्क पुसा' निवडलं. चूक अगदी नॉर्मनच्या दुसऱ्या प्रकारातली.

डेटा परत मिळवायला फोटोरेक वापरलं. हे सॉफ्टवेअर डिस्कवरचा कच्चा मजकूर चाळून ओळखीच्या खुणांवरून फाइल्स शोधून काढतं. शोधल्या त्याने, हजारोंनी. पण फाइलचं नाव फाइलच्या आत नसतं, ते फाइल सिस्टिमच्या तक्त्यात असतं, आणि तो तक्ता गेलेला असतो. त्यामुळे फोटोरेक प्रत्येक फाइलला एक आकडा देतं. तिच्या हाती आल्या त्या दोन रकान्यांच्या साध्या टेक्स्ट फाइल्स: डावीकडे तरंगलांबी, उजवीकडे शोषण. कुठला नमुना, किती सांद्रता, कुठल्या दिवशी मोजला, हे सगळं तिने फाइलच्या नावात लिहिलेलं होतं. म्हणजे दोन वर्षांचं मोजमाप परत आलं आणि ते कशाचं मोजमाप आहे तेवढं फक्त गेलं. काही नमुने तिला पुन्हा बनवावे लागले. आणि ही फिरती डिस्क होती म्हणून इतकं तरी मिळालं. एसएसडीवर नवं फॉरमॅट करतानाच 'ही जागा आता रिकामी' असं डिस्कला कळवलं जातं आणि मग शोधायला सहसा काही उरतच नाही.

इन्स्टॉलर लिहिणारे म्हणतील, बॅकअप घ्या असं आम्ही प्रत्येक ठिकाणी लिहिलंय. लिहिलंय. पण तिने बॅकअपच घेतला होता, तिच्या समजुतीने. सगळं डी वर हलवणं हाच तिचा बॅकअप होता.

यापुढचा पडदा तर मला अभ्यासाला लावावासा वाटतो. 'बसवा' म्हटल्यावर युबिक्विटी शेवटची चौकट दाखवतं: खालील बदल डिस्कवर लिहिले जातील. आणि खाली यादी येते. या उपकरणांचे पार्टिशन तक्ते बदलले आहेत: एससीएसआय-१ (०,०,०) (एसडीए). ही पार्टिशन्स फॉरमॅट होतील: एससीएसआय-१ (०,०,०) (एसडीए) चं पार्टिशन क्र. १, ईएसपी म्हणून. क्र. २, ईएक्सटी-४ म्हणून.

आत्तापर्यंत इन्स्टॉलर माणसासारखा बोलत होता. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, वायफाय कुठलं. आणि ज्या क्षणी चूक परत न येण्यासारखी होते, नेमक्या त्याच क्षणी तो यंत्राच्या भाषेत शिरतो. 'एससीएसआय' हे नाव सुद्धा अशा मशीनवर येतं ज्यात एससीएसआयचा काही संबंध नाही. लिनक्स कर्नल साटा डिस्क एससीएसआयच्या थरातून हाताळतो म्हणून ते तिथे झिरपलंय. हा मजकूर मुळात डेबियनच्या पार्टिशन करणाऱ्या भागातून आलेला आहे, उबुंटूने तो तसाच उचलला. संमतीपत्रावर सही घेताना डॉक्टरने अचानक लॅटिन बोलायला लागावं, तसं काहीसं.

बरं, आकड्यांवरून ओळखावं म्हटलं तर तेही नाही. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि पुढे 'जीबी' लिहितं. उबुंटूचा इन्स्टॉलर १००० च्या पटीत मोजतो आणि तोही 'जीबी'च लिहितो. विंडोजमध्ये जो डी ४६५ जीबीचा दिसतो तो इथे ५०० जीबीचा दिसणार. एक टीबीची डिस्क विंडोजला ९३१ वाटते. कोण चूक कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा (बरोबर उबुंटू आहे), पण ज्याला 'माझा तो ४६५ वाला' एवढंच माहीत आहे त्याचा शेवटचा आधारही जातो.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या इन्स्टॉलरला तरी काय माहीत सी कुठला आणि डी कुठला? अर्धं खरं आहे. सी, डी ही अक्षरं त्या पार्टिशनवर लिहिलेली नसतात. विंडोज ती स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवतं. पण बाकी? इन्स्टॉलरला 'या संगणकावर विंडोज आहे' हे कसं कळतं? ओएस-प्रोबर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम पार्टिशन्समध्ये डोकावून बघतो, ओळखीच्या फाइल्स शोधतो. म्हणजे तो आत जाऊन आलेला असतो! तिथे पार्टिशनचं लेबल आहे, वापरलेली जागा आहे, सगळ्यात वरच्या पातळीवरच्या फोल्डरांची नावं आहेत. 'या नगावर आणखी एक भाग आहे, त्यात इतके जीबी भरलेत, आणि पीएचडी, फोटो, ताईचं लग्न असे फोल्डर आहेत. तेही जाणार' एवढं वाक्य दाखवायला लागणारी माहिती चार क्लिकांच्या अंतरावर आहे. ती कोणी आणत नाही. हाताने पार्टिशन करायच्या पडद्यावर जुना युबिक्विटी आकार आणि भरलेली जागा दाखवतो, पण लेबल दाखवत नाही. माणसाने स्वतः दिलेलं एकमेव नाव, आणि तेच गाळलं.

उलट जे नाव तो अभिमानाने सांगतो ते ऐका. यूईएफआय मशीनवर पहिला पर्याय असा दिसतो: 'विंडोज बूट मॅनेजरच्या सोबत बसवा'. विंडोज बूट मॅनेजर म्हणजे काय हे विंडोज वापरणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव जणांनी ऐकलेलं नाही. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटंसं, सहसा १०० एमबीचं पार्टिशन असतं, त्यात ती फाइल असते, आणि प्रोबरला ती तिथे सापडली म्हणून अख्ख्या विंडोजला तिचं नाव मिळालं.

हा 'सोबत' पर्याय मात्र, उघडला की, मला मनापासून आवडतो. मधे एक दांडी, डावीकडे विंडोजचा भाग, उजवीकडे उबुंटूचा, दांडी ओढा आणि जागा वाटा. शाळेतल्या मुलालाही कळेल. कोणती वस्तू, किती कापली जाणार, दोन्ही डोळ्यांसमोर. ज्यांनी हे केलं त्यांना 'डिस्क पुसा' च्या पडद्यावर असं चित्र काढता आलं नसतं असं नाही. पण एक गोष्ट खटकते: जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन्स मावतात, आणि लॅपटॉप कंपनीने चारही आधीच वापरलेली असतील तर 'सोबत' हा पर्याय दिसतच नाही. का दिसत नाही याचं स्पष्टीकरण नाही. यादीत सगळ्यात वर उरतं ते 'डिस्क पुसा'. दार बंद आहे हे सांगायचं सोडून दारच भिंतीत लपवलं, आणि शेजारचं दार उघडं ठेवलं.

बिटलॉकरच्या बाबतीत त्यांनी हीच गोष्ट नीट केली आहे. डिस्क कूटबद्ध असेल तर इन्स्टॉलर थांबतो, कारण सांगतो, आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर बंद करा म्हणतो. अडवतो, पण का अडवतो ते कळतं. म्हणजे जमतं!

इतरांकडे बघू. डेबियनचा इन्स्टॉलर दिसायला रुक्ष, प्रश्न भरपूर, होस्टनेम आणि डोमेननेमपासून सुरुवात. नवख्याला तो मी सुचवत नाही. पण एका बाबतीत तो सगळ्यांत सज्जन आहे: बदल डिस्कवर लिहायचे का, या शेवटच्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर तिथे 'नाही' असतं. नुसतं एंटर दाबत गेलात तर काही होत नाही. फार छोटी गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे घसरण्याच्या जातीच्या चुका वाचतात. समजुतीच्या चुका नाही, तिथे तोही 'पूर्ण डिस्क वापरा' एवढंच म्हणतो.

फेडोराचा अ‍ॅनाकोंडा जानेवारी २०१३ मध्ये, फेडोरा १८ सोबत, नव्या रूपात आला आणि त्यावर त्या वेळी बरीच टीका झाली. 'झालं' हे बटण वर डाव्या कोपऱ्यात, जिथे सगळं जग 'मागे' ठेवतं. मला त्यातल्या एका शब्दाचा जास्त राग आहे. जागा कमी पडली की एक चौकट यायची, शीर्षक: जागा 'रिक्लेम' करा. म्हणजे परत मिळवा, आपली होती ती पुन्हा ताब्यात घ्या. आत पर्याय: ठेवा, पुसा, लहान करा, आणि कोपऱ्यात 'सगळं पुसा'. जागा कोणाची होती, कोण परत घेतंय? त्या जागेवर वापरणाऱ्याचे फोटो आहेत. 'पुसणे' या क्रियेला 'परत मिळवणे' म्हणणं ही नगरपालिकेच्या नोटिशीतली भाषा झाली. फेडोरा ४२ पासून, म्हणजे एप्रिल २०२५ पासून, वर्कस्टेशन आवृत्तीला नवा इन्स्टॉलर आला आहे. बदलायला हवंच होतं.

उबुंटूनेही २३.०४ पासून डेस्कटॉपचा इन्स्टॉलर नव्याने लिहिला. देखणा आहे, आणि शेवटी सगळ्या निवडींचा गोषवारा एका पानावर देतो, ही खरी सुधारणा. पण त्या पानावर पार्टिशनची नावं 'एनव्हीएमई-०-एन-१-पी-३' अशीच. (यातलं पहिलं शून्यापासून मोजायचं, पुढचे दोन एकापासून. गणित शिकवणाऱ्या मित्राला सांगितलं तर तो दिवसभर हसत होता.) वीस वर्षांत रंग बदलले, अक्षरं मोठी झाली, यंत्राने ठेवलेलं नाव माणसाला दाखवायची सवय तशीच राहिली.

युबिक्विटीतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे इन्स्टॉलर न सांगण्यापलीकडे जाऊन चुकीचं सांगतो. हाताने पार्टिशन करताना खाली एक यादी असते: बूटलोडर कुठल्या उपकरणावर टाकू? तुम्ही बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उबुंटू बसवताय, यादीतून तीच डिस्क निवडता. यूईएफआय मशीनवर ही निवड पाळली जात नसे. बूटलोडर आतल्या डिस्कवरच्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसे. मग बाहेरची डिस्क काढून मशीन सुरू केलं की काळा पडदा आणि 'ग्रब' अशी एक ओळ. विंडोज असतं आतमध्ये, फर्मवेअरच्या मेनूतून सापडतंही, पण समोरच्याला वाटतं लॅपटॉप गेला. वर्षानुवर्षं ही तक्रार नोंदलेली होती. विचारून न ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

न्याय्य बोलायचं तर विंडोजचा स्वतःचा सेटअप यापेक्षा चांगला नाही. तो 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३' अशी यादी देतो, आणि त्यातल्या एखाद्यावर तुमचं लिनक्स आहे हे त्याच्या गावीही नसतं. तिथे लोक वाचतात ते सेटअप चांगला आहे म्हणून नाही, दुकानदार येऊन करून देतो म्हणून. लिनक्स आपण स्वतः टाकतो. त्यामुळे त्या पडद्यावर दुकानदाराचं कामही इन्स्टॉलरलाच करायचंय. आणि डेबियनसारख्या प्रकल्पांत हे सगळं लिहिणारे बहुतांश स्वयंसेवक आहेत, हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्या सॉफ्टवेअरवर प्रबंध लिहितेय. पण फुकट मिळालेल्या पुस्तकातही वाक्य चुकीचं असेल तर चुकीचं म्हणावं लागतं.

मराठीत काय आहे? डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येतं. कोणीतरी बसून शेकडो वाक्यं भाषांतरित केली आहेत, हे काम साधं नाही. पण इंग्रजी वाक्यात 'डिस्क' असेल तर भाषांतर करणारा प्रामाणिकपणे 'डिस्क'च लिहिणार, आणि खड्डा जसाच्या तसा मराठीत येणार. गंमत अशी की बोलण्यातल्या मराठीकडे हा फरक आधीपासून आहे. आपण 'हार्डडिस्क उडाली' म्हणतो तेव्हा आतला नग उडालेला असतो. 'डी ड्राइव्ह भरला' म्हणतो तेव्हा एक तुकडा. हार्डडिस्क आणि ड्राइव्ह, दोन वस्तू, दोन शब्द, कोणी न शिकवता रुळलेले. शास्त्रीयदृष्ट्या ते ढिले आहेत, एसएसडीलाही लोक हार्डडिस्कच म्हणतात. चालेल. 'संपूर्ण हार्डडिस्क पुसा: सी, डी, ई सगळे ड्राइव्ह जातील' हे वाक्य मूळ इंग्रजीपेक्षा सरस आहे, आणि ते वाचून त्या सीनियरचा हात नक्की थांबला असता. भाषांतर करणाऱ्यांनी मूळ वाक्याशी प्रामाणिक राहायचं की वाचणाऱ्याशी, हा प्रश्न इथे चर्चासत्रातला राहत नाही. तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल तर त्या एका वाक्यापुरतं स्वातंत्र्य घ्या, अशी माझी विनंती आहे.

तोवर ज्यांना या रविवारी लिनक्स टाकायचंय त्यांच्यासाठी. विंडोजमध्ये असतानाच डी वर उजवी क्लिक करून 'रीनेम' करा आणि काहीतरी ओळखीचं नाव द्या. देवनागरीत दिलंत तरी चालतं. हे नाव अक्षरासारखं रजिस्ट्रीत राहत नाही, पार्टिशनवरच लिहिलं जातं, त्यामुळे पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केल्यावर फाइल्सच्या खिडकीत डावीकडे तेच नाव दिसेल. इन्स्टॉलर उघडण्याआधी टर्मिनलमध्ये एलएसबीएलके, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एफ, असं लहान लिपीत टाइप करून एंटर करा. एक झाड दिसेल: वर नग, त्याच्या फांद्यांवर तुकडे, प्रत्येकापुढे त्याचं लेबल. तुम्ही दिलेलं नाव ज्या फांदीवर आहे ती कुठल्या नगाला लटकलीय ते बघा आणि त्या नगाचं यंत्रनाव कागदावर लिहून घ्या. इन्स्टॉलरच्या पडद्यावर 'डिस्क पुसा' च्या वाटेत तेच नाव दिसलं, तर तिथेच थांबा. आणि एसएसडी असेल तर हे सगळं करण्याआधी फाइल्स दुसऱ्या, वेगळ्या, केबलने काढता येणाऱ्या डिस्कवर कॉपी करा. डी वर नको.